नवा ही-मॅन हातात आल्यावर: रीबूट मालिकेवरच्या ॲक्शन फिगरचं परीक्षण कसं करावं

ही-मॅन म्हणजे राजपुत्र ॲडमने तलवार उगारली की तो बनतो तो महाबली नायक. तुमच्या टेबलावर आहे तो नेमका कुठला ही-मॅन, हे आधी पक्कं करा. मॅटेल या अमेरिकी कंपनीची पहिली खेळणी १९८२ सालची, फिल्मेशन स्टुडिओची कार्टून मालिका १९८३ सालची. २००२ मध्ये माइक यंग प्रॉडक्शन्सने कार्टून नेटवर्कसाठी मालिका नव्याने केली. ती ३९ भागांवर थांबली. २०२१ मध्ये तर नेटफ्लिक्सवर एकाच वर्षात दोन आल्या. जुलैमध्ये आलेली ‘रेव्हलेशन’ ही १९८३ च्याच गोष्टीची पुढची कडी, म्हणजे ती रीबूट नाही. सप्टेंबरमध्ये आली ती संगणकीय ॲनिमेशनची, पाटी पुसून नव्याने लिहिलेली मालिका, म्हणजे खरं रीबूट. या प्रत्येकीच्या फिगर वेगळ्या. त्यात २०२० पासून ओरिजिन्स नावाची श्रेणी आहे, जी जुन्या रूपड्यात आधुनिक सांधे बसवते. दुकानात किंवा ऑनलाइन यादीत हे सगळे ‘ही-मॅन फिगर’ या एकाच नावाने शेजारी शेजारी लागलेले असतात, आणि निम्मी वाईट परीक्षणं या गोंधळातूनच जन्माला येतात. ओरिजिन्सचा ही-मॅन घेऊन ‘नेटफ्लिक्सवरच्यासारखा दिसत नाही’ अशी तक्रार करण्यात काही हशील नाही.

ओळख पटवायला खोक्यावरचं श्रेणीचं नाव, उंची आणि मॉडेल क्रमांक बघा. मॅटेलचा क्रमांक साधारण तीन इंग्रजी अक्षरं आणि दोन आकडे असा असतो, बारकोडच्या आसपास छापलेला. तो परीक्षणाच्या पहिल्या ओळीतच द्या. वाचणाऱ्याला तीच फिगर शोधायला दुसरं काही लागत नाही. उंचीवरून पटकन अंदाज येतो: ओरिजिन्स आणि २०२१ च्या नव्या मालिकेच्या साध्या फिगर साडेपाच इंची, म्हणजे १४० मिमीच्या आसपास, ‘रेव्हलेशन’ची मास्टरव्हर्स श्रेणी सात इंची, म्हणजे १७८ मिमी. नव्या मालिकेत साडेआठ इंची मोठ्या फिगरही आहेत, त्यांचे सांधे कमी असतात आणि त्या लहान मुलांच्या खेळासाठी आहेत. फिगरच्या पाठीवर, तळपायावर किंवा मांडीच्या आत कोरलेलं साल साच्याच्या किंवा हक्काच्या नोंदीचं असतं. तुमचा नग कधी बनला ते त्यावरून ठरत नाही. जुन्या फिगरवर १९८१ कोरलेलं दिसतं म्हणून ती १९८१ ची, असा दावा विक्रेते सर्रास करतात.

रीबूटच्या फिगरला तीन वेगवेगळ्या कसोट्या लागतात आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. पडद्यावरच्या नव्या रूपाशी ती किती जुळते? खेळणं म्हणून हातात कशी आहे? आणि जुन्या फिगरच्या शेजारी ठेवली तर काय कमावलं, काय गमावलं? तिसरी कसोटी सगळ्यात शेवटी. ती आधी घेतली की पहिल्या दोन्हींवर आठवणींचा रंग चढतो.

लागणारं सामान

१५० मिमीचा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, शाळेतला कोनमापक, दहापट भिंग, मऊ ब्रश, छोटी टोकदार कात्री किंवा नेलकटर, हेअर ड्रायर, आणि गरम पाण्यासाठी एक खोल भांडं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. फोटोसाठी राखाडी कार्डशीट, एकाच प्रकारचे दोन एलईडी दिवे आणि मोबाइलचा ट्रायपॉड. आकाराचा अंदाज देण्यासाठी दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवा. त्याचा व्यास २७ मिमी असतो आणि ते प्रत्येक वाचणाऱ्याच्या खिशात सापडतं.

खोकं उघडताना

सीलबंद खोक्याचे सहाही बाजूंचे फोटो आधी काढा. एखादा भाग कमी निघाला तर हाच पुरावा. मग बुडाची टेप ब्लेडने कापा, ओढू नका. कार्डाचा छापील थर टेपबरोबर सोलून निघतो. फिगरला बांधलेले प्लॅस्टिकचे बंद किंवा कागदी पीळ ओढून काढायचे नाहीत. बंद रंगवलेल्या मनगटावरून घासत येतो आणि रंगावर पांढरी रेघ उमटते. मग परीक्षणात तो दोष कारखान्याच्या माथी मारला जातो. मागच्या बाजूने नेलकटरने कापा.

फिगर बाहेर आली की तिला लगेच वाकवायला जाऊ नका. आधी वजन करा, उंची मोजा, भिंगाखाली रंग बघा, चारही बाजूंनी फोटो काढा. एकदा सांधे फिरवले की रंग घासला जातो, आणि मुळात तो कसा होता हे नंतर सिद्ध करता येत नाही. उंची मोजताना डोक्याच्या माथ्यापर्यंत मोजा. शिरस्त्राण, शिंगं, केसांची झुलपं यांची उंची वेगळी द्या.

सांधे: इथे घाई नको

सगळ्यात जास्त फिगर याच पायरीवर मोडतात. नव्या फिगरचा सांधा रंगाने किंवा साच्याच्या उरलेल्या कडेने चिकटलेला असू शकतो. वरून तो नुसता घट्ट वाटतो. जोर लावला की आतली खुंटी पिळवटते, तिच्यावर पांढरट डाग उमटतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ती तुटते. पांढरेपणा दिसला की तिथेच थांबा. तिथलं प्लॅस्टिक ताणाखाली आतून फाटायला लागलेलं असतं.

प्रत्येक सांधा आधी बोटांच्या चिमटीत, हलक्या हाताने, दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवून बघा. अडला तर ६० ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवा आणि गरम असतानाच फिरवा. पकड सांध्याच्या अगदी जवळ हवी: कोपर फिरवायचं तर दंड आणि मनगटाच्या वरचा भाग धरा. मूठ धरून कोपर वाकवलं की सगळा जोर मनगटाच्या बारीक खुंटीवर येतो. उकळतं पाणी वापरू नका. रंग मऊ पडतो आणि चिकटवलेले पट्टे सुटतात. आवाज किंवा दिवे असलेली फिगर पाण्यात घालायचीच नाही. तिला ड्रायर, पंधरा सेंटिमीटर अंतरावरून, सारखा हलवत.

मग नोंदी. खोक्यावर ‘तीसहून अधिक सांधे’ असं लिहिलेलं असतं, पण कंपन्या मोजतात ते हालचालीच्या दिशा. मनगट आडवं फिरतं आणि पुढे-मागे वाकतं, तर ते दोन. तुम्ही तक्ता स्वतः करा: मान, खांदा, दंड, कोपर, मनगट, छाती, कंबर, खुबा, मांडी, गुडघा, घोटा. प्रत्येकासमोर प्रकार लिहा (गोळी म्हणजे बॉल-जॉइंट, बिजागरी, नुसतं गोल फिरणं), कोनमापकाने मोजलेला जास्तीत जास्त कोन लिहा, आणि पकड कशी आहे ते लिहा. कोपर ९० अंशांपर्यंत येत असेल तर तलवार दोन्ही हातांनी धरता येते, ७० वर अडलं तर येत नाही. वाचणाऱ्याला असं सांगा. ‘आर्टिक्युलेशन छान आहे’ या वाक्यातून कुणाला काहीच कळत नाही.

ही-मॅनच्या बाबतीत दोन जागा नेहमी आड येतात. एक म्हणजे खांद्यांची रुंदी आणि छातीवरचा पट्टा. छाती भरदार असल्यामुळे हात शरीरासमोर एकमेकांना भेटत नाहीत, आणि वरून जाड प्लॅस्टिकचा पट्टा असेल तर आणखी दहा-पंधरा अंश कमी होतात. पट्टा काढता येत असेल तर काढून आणि घालून, दोन्ही मोजमापं द्या. दुसरी जागा म्हणजे लंगोटाचा केसाळ घेर. तो कडक प्लॅस्टिकचा असेल तर मांडी पुढे येतच नाही, मग खुब्याला कितीही चांगली गोळी बसवलेली असो. मऊ पीव्हीसीचा असेल तर मांडी येते, पण घेर दाबला जातो आणि फिगर तशीच बसवून ठेवली की कायमचा वाकतो. दोष खुब्याचा की घेराचा, हे वेगळं करून लिहा.

काही मोठ्या सांध्यांत दातेरी चक्र असतं. फिरवताना टकटक आवाज येतो. फायदा हा की जड हात खाली घसरत नाही. तोटा हा की दोन टप्प्यांच्या मधली स्थिती मिळत नाही, आणि गुडघ्याचे टप्पे मोठे असतील तर फिगर एक तर ताठ उभी राहते, नाही तर बसल्यासारखी. टप्पे मोजा आणि आकडा द्या.

डावा-उजवा भाग बदलून बसवलेला नाही ना, हेही इथेच बघा. खांद्याचा स्नायू पुढून फुगलेला आणि मागून सपाट असतो. उलटा बसवला की हात नैसर्गिकपणे लोंबत नाही, जरा बाहेर फेकल्यासारखा राहतो. ओरिजिन्समध्ये डोकं, हात, पाय आणि कंबर सुटी होऊन दुसऱ्या फिगरला बसतात, त्यामुळे वापरलेली फिगर घेतली असेल तर सगळे अवयव मूळचे आहेत का हे कातडीच्या रंगछटेवरून तपासा.

उभं राहण्याची चाचणी साधी आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. फिगर काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर, स्टँडशिवाय, तलवार हातात देऊन चोवीस तास उभी ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी एकाच जागेवरून फोटो काढा. मऊ पीव्हीसीचे घोटे वजनाखाली हळूहळू झुकतात, आणि उन्हाळ्यात हे वेगाने होतं. मुंबईत एसीच्या खोलीत सरळ उभी राहिलेली फिगर नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारनंतर पुढे कलू शकते. म्हणून खोलीचं तापमान निकालासोबत लिहा. परदेशी परीक्षणांत ही बाब सापडत नाही, आपल्या वाचकाला मात्र तीच हवी असते.

ढिला सांधा सापडला तर लगेच दुरुस्त करू नका. आधी तो ढिला आहे असं लिहा, फोटो काढा. मग गोळीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ थर द्या, गोळी खोबणीबाहेर ठेवूनच चोवीस तास वाळू द्या आणि मग बसवा. थर ओला असताना बसवली तर सांधा कायमचा बंद. फेवीक्विकचा सल्ला कुणाला देऊ नका; तो जमणारे हात कमी.

करामतीची परीक्षा

ही-मॅन या खेळण्याची ओळखच कंबरेच्या स्प्रिंगने झाली. १९८२ च्या फिगरची कंबर पिळून सोडली की ती गर्रकन फिरून ठोसा मारायची. २००२ च्या आणि २०२१ च्या लहान मुलांसाठीच्या फिगरमध्येही कुठली ना कुठली करामत आहेच: फिरणारी कंबर, बटण दाबलं की खाली येणारा हात. तपासायचं असं. करामत पन्नास वेळा चालवा, दर दहा वेळांनंतर बघा. शरीर परत बरोबर मधोमध येतं का, की दोन-चार अंश एका बाजूला राहतं? आवाज बदलला का? हातातली तलवार सुटून पडते का? पडत असेल तर कितव्यांदा पडली ते लिहा.

करामतीची किंमत सांध्यांत मोजावी लागते, हेही लिहा. ज्या कंबरेत स्प्रिंग आहे ती वळवलेल्या स्थितीत थांबत नाही. ज्या दंडातून दांडा गेलेला आहे तिथे कोपराची बिजागरी बसत नाही. संग्राहकाला हे खटकतं, सात वर्षांच्या मुलाला नाही. एकाच वाक्यात दोघांना न्याय देण्याच्या फंदात पडू नका. दोघांसाठी दोन वाक्यं लिहा.

रंगकाम आणि घडण

भिंगाखाली पाच जागा बघायच्या: डोळे, भुवया, छातीवरचं चिन्ह, पट्ट्याच्या कडा, बुटांची वरची किनार. डोळे बहुधा छापलेले असतात, ब्रशने रंगवलेले नसतात. छाप एक मिलिमीटर सरकली तरी ही-मॅन तिरळा दिसतो. किनारीवर रंग सांडलेला आहे की रंग पोचलेलाच नाही, हे दोन वेगळे दोष आहेत: पहिला स्टेन्सिल नीट न बसल्याचा, दुसरा बहुतेकदा खर्च वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाचा. खोक्यामागच्या फोटोत बुटांवर केसाळ किनार वेगळ्या रंगात आहे आणि तुमच्या फिगरवर पूर्ण बूट एकाच रंगाचा आहे, तर तुमचाच नग खराब निघालेला नाही, सगळा माल तसाच असणार. शक्य असेल तर दुकानात चार-पाच नग शेजारी धरून हे ताडून बघा.

प्लॅस्टिकच्या रंगातला फरकही टिपा. धड कडक एबीएस प्लॅस्टिकचं, हात-पाय मऊ पीव्हीसीचे, असं असेल तर एकाच कातडीच्या रंगाच्या दोन छटा दिसतात. ट्यूबलाइटखाली हा फरक लपतो, खिडकीच्या उजेडात उघडा पडतो.

वाकलेली तलवार हा दोष कुठल्या खात्यात टाकायचा? पॅकिंगमध्ये दाबली गेल्याने ती वाकते आणि घरी सरळ होते, म्हणून ‘किरकोळ’ म्हणा, पण लिहा. सरळ करण्यासाठी ७० ते ८० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, बाहेर काढून पट्टीवर सरळ धरा, तशीच धरून बर्फाच्या पाण्यात आणखी अर्धा मिनिट. गरम पुरेसं केलं नाही तर दोन दिवसांत ती पुन्हा पहिल्या वळणावर जाते.

पडद्याशी जुळवणी

आता मालिका लावा. २०२१ च्या मालिकेत एक अडचण आहे: प्रकाशयोजना फार रंगीत आहे. ताकद चढते त्या दृश्यांत सगळं निळं-सोनेरी होतं, खलनायक स्केलेटॉरच्या आसपास जांभळं-हिरवं. अशा चौकटीवरून (फ्रेमवरून) कातडीचा किंवा कपड्याचा रंग ठरवलात तर फिगर चुकीची वाटणारच. उघड्यावरची, दिवसाची, पात्र संथ उभं असलेली दृश्यं शोधा. एकाच पात्राच्या किमान तीन चौकटी घ्या, वेगवेगळ्या भागांतल्या.

प्रमाण मोजायची सोपी रीत: स्क्रीनवर सरळ उभ्या पात्राची पूर्ण उंची मोजा आणि तिला डोक्याच्या उंचीने भागा. हनुवटीपासून माथ्यापर्यंत म्हणजे डोकं. तेच फिगरवर कॅलिपरने करा. समजा फिगर १४० मिमी आणि डोकं २२ मिमी, तर उत्तर ६.४ डोकी. पडद्यावर ७.५ येत असेल तर फिगरचं डोकं मोठं आहे आणि ‘चेहरा कुठेतरी चुकलाय’ असं वाटण्याचं कारण तुम्हाला सापडलं. तसंच खांद्यांची रुंदी भागिले उंची. नव्या मालिकेतली पात्रं मुद्दाम अतिशयोक्त आहेत, मोठे पंजे, रुंद खांदे, निमुळते पाय. ते ‘बेढब’ ठरवण्याआधी पडद्यावर तसंच आहे का ते बघायला हवं.

कथा बदलली की फिगरकडून अपेक्षाही बदलते. १९८३ च्या मालिकेत ॲडम आणि ही-मॅन अंगकाठीने सारखेच. कपडे बदलले, कातडी थोडी गडद झाली की काम भागत होतं, आणि एकच धड दोघांना वापरणं चालून गेलं. २०२१ मध्ये ॲडम किडकिडीत किशोर आहे आणि ही-मॅन अवाढव्य. तिथे एकच धड दोघांना वापरलेलं दिसलं तर तो मोठा दोष. शिवाय नव्या गोष्टीत ताकद एकट्या ॲडमला मिळत नाही: टीला, डंकन, क्रास आणि क्रिंजर या त्याच्या सोबत्यांनाही मिळते. जुन्या रॅम-मॅनच्या जागी आता क्रास ही मुलगी रॅम-मॅम होते. जुन्या रॅम-मॅनची गंमत पाय दाबून सोडले की स्प्रिंगने उडी घेण्यात होती. नव्या रॅम-मॅममध्ये धडक मारण्याची ती गंमत कशी आणली आहे, की आणलीच नाही, हा परीक्षणाचा खरा मुद्दा. ‘मुलगी का केली’ हा मालिकेचा वाद आहे, तिथेच राहू द्या.

२००२ च्या फिगर तपासत असाल तर कसोटी थोडी वेगळी लागते. त्यांचं शिल्पकाम फोर हॉर्समेन या स्टुडिओचं, आणि खेळण्यांवरचं बारीक कोरीवकाम हलत्या चित्रात मावण्यासारखं नव्हतंच; कार्टूनमधली रूपं साधी आहेत. तिथे फिगर पडद्यापेक्षा जास्त तपशीलवार असणं हा दोष धरू नका. त्या श्रेणीचं खरं दुखणं वेगळं होतं: दुकानात ही-मॅन आणि स्केलेटॉर यांचेच वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या चिलखतांचे अवतार भरून राहिले आणि बाकीची पात्रं मिळेनाशी झाली. कितीतरी पात्रांच्या फिगर निघाल्याच नाहीत. ती उणीव नेका या कंपनीने २००५ पासून त्याच मापाच्या, न हलणाऱ्या छोट्या पुतळ्यांनी भरून काढली. म्हणून एखाद्या श्रेणीचं परीक्षण करताना पात्रांची यादीही तपासा: मालिकेतली मुख्य दहा पात्रं लिहा आणि त्यांतली किती मिळतात ते मोजा. तिसरा ‘जंगलवाला’ ही-मॅन कितीही देखणा असो, टीला मिळत नसेल तर संच अपुराच.

जुन्याशी तुलना

आता, आणि आताच, जुनी फिगर शेजारी ठेवा. मात्र जुनी म्हणजे कुठली? दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलेल्या आपल्याकडच्या पिढीच्या हातात बऱ्याचदा अमेरिकी माल नसायचा. लिओ या नावाने भारतात बनलेल्या फिगर असायच्या. त्यांच्या प्लॅस्टिकचा पोत आणि रंगछटा अमेरिकेतल्या मालापेक्षा वेगळ्या आहेत, आणि संग्राहक त्या वेगळ्याच धरतात. तुमच्या फोटोतला ‘ओरिजिनल’ लिओचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. नाहीतर परदेशातला वाचक रंगावरून हुज्जत घालत बसेल.

जुन्या फिगरचे पाय आतून रबराने ताणून बसवलेले असतात. चाळीस वर्षांत ते रबर सैल होतं, किंवा कडक होऊन तुटतं. त्यामुळे ‘जुनी मजबूत होती’ किंवा ‘जुनी लटपटते’ ही दोन्ही विधानं फिगरबद्दल नसून रबराच्या वयाबद्दल असू शकतात. तुलना करायची ती रचनेची: जुन्याला मान, खांदे, कंबर, खुबे एवढीच हालचाल; कोपर-गुडघे वाकतच नाहीत. मांड्या किंचित वाकवून, हात अर्धवट उगारून तिची ठेवण पक्की केलेली होती, आणि तशी ती शेल्फवर न पडता उभी राहते. नव्या तीस सांध्यांच्या फिगरला तोच रुबाब आणायला दहा मिनिटं लागतात. जुन्या तलवारीची एक गंमतही होती: ही-मॅनकडे अर्धी, स्केलेटॉरकडे अर्धी, दोन्ही जोडल्या की एक पूर्ण. नव्या तलवारीचा आकार वेगळा आहे. तिच्यात अशी काही जोडणी ठेवली आहे का, ते जोडून बघा आणि लिहा.

फोटो

मोबाइल जवळ नेऊन काढलेला फोटो फिगरवर अन्याय करतो. रुंद लेन्समुळे पुढचा भाग फुगतो, डोकं मोठं आणि पाय बारके दिसतात. प्रमाणाबद्दलची अर्धी ओरड यातूनच येते. मोबाइल ६० ते ८० सेंटिमीटर लांब ठेवा आणि दोनपट किंवा तीनपट लेन्स वापरा. कॅमेरा फिगरच्या छातीच्या पातळीवर. मागे राखाडी कार्डशीट, खालून वर वळवलेली, म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. पांढऱ्या कागदावर मोबाइल फिगर काळवंडून टाकतो. दिवे दोन्ही एकाच रंगाचे हवेत. एक पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की कातडीचा रंग कुणालाच सांगता येत नाही. रंग सुधारणारे फिल्टर बंद.

किमान फोटो: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, चेहरा जवळून, हत्यारं सुटी मांडून नाण्यासोबत, गुडघा आणि कोपर पूर्ण वाकवलेले, सापडलेले दोष, आणि जुनी-नवी शेजारी. नाट्यमय धुरातले फोटो हौसेने काढा, पण शेवटी लावा.

किंमत, आयात आणि नकली माल

छापील किंमत, प्रत्यक्ष मोजलेली किंमत आणि खरेदीचा महिना, तिन्ही द्या. भारतात खेळण्यांवरची मूळ आयात शुल्काची पट्टी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. परदेशातून मागवलेल्या फिगरवर डॉलरची किंमत रुपयांत गुणून ‘एवढ्याला पडते’ असं लिहिलंत तर वाचक फसेल. पार्सलवर प्रत्यक्ष किती भरावं लागलं ते लिहा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान मुलासाठी फिगर सुचवत असाल तर खोक्यावर ते आहे का हे बघून सांगा.

क्रॉफर्ड मार्केट किंवा रविवार पेठेच्या गल्ल्यांत स्वस्तात दिसणाऱ्या मालात ‘फर्स्ट कॉपी’ असते. ओळखायच्या खुणा: तळपायावर किंवा पाठीवर कोरीव नोंद नाही किंवा पुसट आहे, वजन अस्सल नगापेक्षा कमी, खोक्यावरचं छापकाम धूसर, उघडल्यावर थिनरसारखा उग्र वास, आणि हत्याराची मूठ पंजात बसत नाही. अस्सल फिगरचं वजन तुमच्या परीक्षणात ग्रॅममध्ये दिलेलं असेल तर दुसऱ्याला नकली ओळखायला तो आकडाच पुरतो. उग्र वासाची फिगर लहान मुलाच्या हातात देऊ नका, हे मात्र ठणकावून लिहा.

फिगर कंपनीने किंवा दुकानाने फुकट दिली असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगा. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची नियमावली फुकट मिळालेली वस्तूही उघड करायला सांगते. खाली बारीक अक्षरात हॅशटॅग लपवणं चालत नाही.

लिहिताना

‘स्कल्प्ट भन्नाट, पेंट ठीकठाक, ८/१०’ हे वाचून कुणी पैसे खर्च करू नये. त्याऐवजी असं: ‘उजवा घोटा चोवीस तासांत, ३३ अंश तापमानाला, पुढे झुकला, तलवार काढली तर सरळ राहतो. चेहरा पडद्याशी जुळतो, डोकं मात्र प्रमाणाने मोठं. पट्टा काढल्यावर दोन्ही हात तलवारीच्या मुठीवर येतात.’ गुण द्यायचेच असतील तर तिन्ही कसोट्यांचे वेगवेगळे द्या. सरासरी काढू नका. पडद्याशी पक्की जुळणारी पण उभी न राहणारी फिगर आणि भक्कम पण चेहरा हुकलेली फिगर, दोघींना सरासरीत सारखेच गुण मिळतील आणि घेणाऱ्याला हवं ते कळणारच नाही.

मालिका अजून न पाहिलेल्यांचाही विचार करा. खोक्यावरचं नावच कधी कधी पुढचं रूपांतर फोडून टाकतं. मथळ्यात आणि पहिल्या फोटोत ते टाळा.

परीक्षण छापल्यावर फिगर फेकून ठेवू नका. सहा महिन्यांनी, शक्यतो एक पावसाळा गेल्यावर, तिच्याकडे पुन्हा बघा. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि अंग चिकट लागतं. मऊ केसांची फिगर कडक प्लॅस्टिकच्या हत्याराला चिकटून बंद पिशवीत राहिली तर हत्याराचा रंग उतरतो. चिकटपणा आला असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि सावलीत वाळवणं. स्पिरिट किंवा थिनर लावलंत तर रंगच निघून येईल. बॅटरीवाल्या फिगरचे सेल काढून खोबणीत हिरवट थर आहे का ते बघा. जे दिसेल ते जुन्या परीक्षणाखाली तारखेसह जोडा: घोटे आता कसे आहेत, स्प्रिंग मधोमध येते का, पांढऱ्या प्लॅस्टिकवर पिवळेपणा आला का.